ओढ्याची वही: पुराचं पाणी आणि नळाचं पाणी गल्लीनेच कसं सांभाळायचं

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पार्किंगमध्ये गाड्या एकमेकांवर चढलेल्या, गुडघाभर चिखल, आणि सगळी माणसं त्या गाड्यांभोवती उभी. त्या रात्री पुणे परिसरात वीसहून जास्त माणसं गेली, तेव्हा गाड्यांचं दुःख तसं काहीच नाही. पण मला आज सांगायचंय ते वेगळंच. त्या सकाळी आमच्यापैकी एकानेही पाण्याच्या खालच्या टाकीचं झाकण उघडून बघितलं नाही. संध्याकाळी लाइट आली, कुणीतरी सवयीने पंप चालू केला, आणि ओढ्याचं ते पाणी वरच्या टाकीत गेलं आणि तिथून सगळ्यांच्या स्वयंपाकघरात. चौथ्या दिवसापासून घराघरात उलट्या-जुलाब सुरू झाले. लहान मुलं, म्हातारी माणसं, सलाइन लावायची वेळ आली.

तेव्हापासून मी हे मानते की रस्त्यावर तुंबणारं पाणी आणि नळाला येणारं पाणी हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. कारण बघा, शहरात ड्रेनेजच्या मोठ्या लाइन बऱ्याचदा ओढ्याच्या कडेने नाहीतर थेट पात्रातूनच टाकलेल्या असतात, उतार आयता मिळतो म्हणून. ओढा भरला की त्या चेंबरमध्ये पाणी शिरतं, चेंबर भरले की मैलापाणी उलटं येऊन तळमजल्यावरच्या संडासातून वर येतं. आणि पिण्याच्या पाण्याची लाइन त्याच रस्त्याखाली, काही ठिकाणी त्याच चेंबरमधून आरपार गेलेली. आपल्याकडे पाणी दिवसातून ठरावीक तासच येतं, बाकीचा वेळ लाइनमध्ये दाब नसतो, मग जिथे लाइन फुटलेली असेल तिथून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. म्हणून पाणी आल्यावर पहिली पाच मिनिटं जे गढूळ येतं ना, ते नुसती माती आहे असं समजून सोडून देऊ नका.

आम्ही या सगळ्यासाठी एक साधी वही घातली. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. तिला ओढ्याची वही म्हणतो. खाली जे लिहिलंय ते त्या वहीतूनच आलंय, चुका करत करत. तुमच्याकडे ओढा नसेल तर नाला असेल, नाला नसेल तर पावसाळी गटार असेल, पद्धत तीच.

आधी माणसं, मग बाकी सगळं

सुरुवात पाच-सात जणांनी करा, पन्नास जणांची मीटिंग बोलवू नका, तिथे फक्त भाषणं होतात. पण ते पाच-सात जण सगळे एकाच सोसायटीतले नकोत, हे मात्र नक्की. ओढा कात्रजच्या डोंगरातून निघतो, कात्रजचे तलाव, पद्मावती, अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल असं करत मुठेला मिळतो, त्यामुळे वरच्या बाजूचा एक माणूस, खालच्या बाजूचा एक माणूस आणि काठावरच्या वस्तीतली निदान दोन माणसं हवीतच. सोसायटीवाले म्हणतात वस्तीवाले कचरा टाकतात, वस्तीवाले म्हणतात सोसायटीने सीमाभिंत ओढ्यात बांधली म्हणून पाणी आमच्या घरात येतं. मला विचाराल तर पुरात सगळ्यात जास्त जातं ते वस्तीतल्या माणसाचं, घर जातं, कागदपत्रं जातात, रोजचा धंदा बुडतो, म्हणून पहिली बैठक सोसायटीच्या हॉलमध्ये ठेवू नका, वस्तीत ठेवा. आम्ही गणपती मंडळाच्या जागेत ठेवली. पुण्यात पुराच्या रात्री दोर घेऊन सगळ्यात आधी पाण्यात उतरणारी पोरं मंडळांचीच असतात, आणि मंडळाकडे स्पीकर असतो, जनरेटर असतो, गल्लीतल्या प्रत्येक घरात ओळख असते.

मग बचत गटातल्या ताया, ज्येष्ठ नागरिक संघ, आणि दारोदार कचरा गोळा करणाऱ्या स्वच्छ संस्थेच्या ताई. या ताईंना विचारल्याशिवाय कचऱ्याबद्दल काही ठरवू नका, रात्री टेम्पो येऊन राडारोडा कुठे टाकून जातो ते त्यांना पक्कं माहीत असतं. आणि पालिकेचा चावीवाला, म्हणजे पाणी सोडणारा माणूस. त्याच्याशी चांगलं बोला, त्याला चहाला बोलवा. कुठली लाइन कधी टाकली, कुठे सारखी फुटते हे त्याच्या डोक्यात असतं, नकाशावर नसतं.

कोरड्या दिवसातली फेरी

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि लोक हीच गाळतात कारण उन्हाळ्यात कुणाला पुराची आठवण नसते. एप्रिलच्या शेवटी किंवा मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, रविवारी सकाळी ७ वाजता, ओढ्याच्या कडेने चालायचं. सोबत मोजायची टेप, खडू, मोबाइल, वही. पायात बंद बूट, हातात काठी, पात्रात उतरायचं नाही, आणि चेंबरचं झाकण कुणीही उघडायचं नाही, आतल्या गॅसने माणूस जागच्या जागी जातो.

सकाळी ७ च का, तर ७ ते १० मध्ये घराघरातून सगळ्यात जास्त सांडपाणी निघतं. आणि उन्हाळ्यातच का, तर पाऊस नसताना पावसाळी गटाराच्या पाइपातून पाणी येतंय म्हणजे ते पावसाचं नाहीच, कुणाची तरी ड्रेनेज लाइन त्यात जोडलेली आहे. याच्याइतकी सोपी आणि पक्की तपासणी दुसरी नाही, एक रुपया लागत नाही. असा प्रत्येक पाइप दिसला की त्याला नंबर द्यायचा, खडूने भिंतीवर लिहायचा, फोटो काढायचा आणि वहीत चार गोष्टी लिहायच्या: पाणी येतंय का, रंग कसा, वास कसला, फेस आहे का. पांढरा फेस आणि साबणाचा वास म्हणजे धुण्या-अंघोळीचं पाणी, काळं आणि सडक्या अंड्याचा वास म्हणजे मैलापाणी, रंगीत किंवा तेलकट तवंग असेल तर जवळपास गॅरेज, वॉशिंग सेंटर किंवा छोटा कारखाना शोधा.

त्याच फेरीत पूल आणि मोऱ्या मोजायच्या. रस्त्याखालच्या मोरीची रुंदी आणि उंची टेपने घ्या, आणि तळात किती गाळ बसलाय तेही काठीने बघा. सहा फूट उंचीच्या मोरीत तीन फूट गाळ असेल तर मोरी अर्धीच राहिली, आणि त्यातून पाणी अर्ध्यापेक्षाही कमी जातं. वरून आडवी गेलेली पाण्याची लाइन, केबलचे पाइप यांच्यात प्लास्टिक, फांद्या, गाद्या अडकतात आणि तिथे बांध तयार होतो, त्यांचे फोटो नक्की घ्या. कुठे सीमाभिंतीमुळे पात्र अरुंद झालंय ते लिहा, पण तेव्हाच भांडू नका. आधी सगळी फेरी पूर्ण करा.

आणि एखाद्या जुन्या माणसाला बरोबर घ्या. आंबिल ओढ्याचा मार्ग पेशव्यांच्या काळातच बदललेला आहे, पुढे शहर वाढताना छोटे ओहोळ तर किती बुजले याला गणती नाही. आमच्याबरोबर आलेल्या एका आजोबांनी एका रस्त्यावर काठी टेकवून सांगितलं, इथे आम्ही म्हशी धुवायचो. तो रस्ता दर पावसाळ्यात का तुंबतो ते आम्हाला तेव्हा कळलं.

घरी आल्यावर हे सगळं एका मोठ्या कागदावर काढा, हाताने काढलं तरी चालेल. गूगल मॅपवर पिन टाकल्या तर उत्तमच. तो कागद मंडळाच्या भिंतीवर लावा आणि आठवडाभर राहू द्या, लोक येऊन स्वतः भर घालतात, इथे २०१९ ला एवढं पाणी होतं, इथे पोरं खेळतात, इथे आजी एकटी राहते. ही शेवटची माहिती पुराच्या रात्री लागते.

पाऊस आणि पातळी मोजणं

पावसाचं माप घरी बनतं. सरळ उभ्या बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून उलटा करून तोंडात बसवा, तळ गोलाकार असतो म्हणून खाली थोडे खडे आणि पाणी घालून सपाट रेषेवर शून्याची खूण करा, बाजूला पट्टी चिकटवा. जेवढे मिलिमीटर पाणी चढेल तेवढे मिमी पाऊस. गच्चीत उघड्यावर ठेवायची, भिंतीच्या किंवा झाडाच्या आडोशाला नाही. रोज सकाळी साडेआठला वाचायची, हवामान खात्याचा दिवसही तिथूनच मोजतात, म्हणजे तुलना करता येते. जोराचा पाऊस असेल तेव्हा दर १५ मिनिटांनी वाचा.

आकडे काय सांगतात ते थोडक्यात. २४ तासांत ६४.५ मिमीच्या वर गेला की हवामान खातं त्याला जोरदार पाऊस म्हणतं, ११५.६ च्या वर अतिजोरदार आणि २०४.४ च्या वर गेला की अतिवृष्टीतलाही सगळ्यात वरचा प्रकार. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी झाला होता. पण शहरातल्या गल्लीला दिवसाच्या आकड्यापेक्षा तासाचा आकडा जास्त महत्त्वाचा. मुंबईची जुनी पावसाळी गटारं तासाला २५ मिमीच्या हिशोबाने बांधलेली होती, नंतर ब्रिमस्टोवॅड प्रकल्पात ती ५० मिमीच्या हिशोबाने वाढवायचं ठरलं. ५० मिमी म्हणजे किती, तर एका चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर, मग पूर्ण काँक्रीट केलेल्या एका हेक्टरवर तासात ५ लाख लिटर पाणी. १० हजार लिटरचे ५० टँकर एका तासात, एवढ्याशा जागेतून. सोसायटीत पेव्हर ब्लॉक घालताना ही बेरीज मीटिंगमध्ये नक्की मांडा, मोकळी माती ठेवायला लोक तयार होतात.

पातळीसाठी पुलाच्या खांबावर किंवा पक्क्या भिंतीवर फुटाफुटावर रंगाच्या पट्ट्या मारा. पालिकेच्या पुलावर मारायच्या असतील तर क्षेत्रीय कार्यालयाला पत्र देऊन विचारून घ्या, नाही म्हणत नाहीत शक्यतो. हिरवी, पिवळी, लाल. लाल पट्टी कुठे मारायची हे पुस्तकातून ठरत नाही, ज्या पातळीला सगळ्यात खालच्या घरात पाणी शिरतं त्याच्या दोन फूट खाली लाल. त्या घरातल्या माणसालाच विचारून ठरवा.

आता वरच्या बाजूचा तो माणूस का हवा होता ते सांगते. त्याच्याकडे पट्टी कधी चढली आणि आपल्याकडे कधी चढली, या दोन वेळा प्रत्येक मोठ्या पावसात लिहून ठेवायच्या. चार-पाच पावसांत तुम्हाला कळतं की आपल्या हातात किती मिनिटं आहेत. हा आकडा तुमच्या ओढ्यापुरताच खरा असतो, दुसरीकडून उसना आणता येत नाही. आमच्या गल्लीत 'साहित्य वर उचला' असा निरोप आता त्या आकड्यावरच जातो.

नदीकाठच्यांचं गणित जरा वेगळं. तिथे स्वतःच्या पावसापेक्षा धरणाचा विसर्ग बघायचा. पुण्यात २५ जुलै २०२४ ला पहाटे खडकवासल्यातून ३५ हजार क्यूसेकच्या आसपास पाणी सोडलं गेलं आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत लोक झोपेत असताना पाणी शिरलं. १ क्यूसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, म्हणजे ३५ हजार क्यूसेक झाले सेकंदाला जवळपास १० लाख लिटर. जलसंपदा विभाग विसर्गाचे आकडे जाहीर करतो, ते बघून किती क्यूसेकला आपल्याकडे कुठली पायरी बुडते हे वहीत लिहीत जा. दोन पावसाळ्यांत तुमच्या गल्लीचा तक्ता तयार होतो. आणि घर घेताना-भाड्याने घेताना निळी आणि लाल पूररेषा बघा, निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. ही सरासरी आहे हां, एकदा आला म्हणजे आता पंचवीस वर्षं निवांत असं नाही.

नळाचं पाणी तपासणं

इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण फसवणूकही इथेच होते. टीडीएस मीटर घेऊन येणारा विक्रेता पाण्यात काडी बुडवून आकडा दाखवतो आणि घाबरवतो. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, त्याचा जंतूंशी काही संबंध नाही. १०० टीडीएसच्या पाण्यात मैला असू शकतो आणि ६०० टीडीएसचं पाणी जंतूंच्या बाबतीत एकदम शुद्ध असू शकतं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रोड, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे हातापायातली ताकद जाणारा नसांचा आजार) रुग्ण वाढले, काही रुग्णांच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला, तेव्हा सगळं लक्ष पिण्याच्या पाण्याकडे गेलं आणि त्या भागातले काही खासगी आरओ प्लँटसुद्धा सील करावे लागले. त्यामुळे आरओचा जार घेतो म्हणजे आपण सुटलो, असं धरून चालू नका.

घरच्या घरी दोन तपासण्या पुरतात.

पहिली क्लोरीनची. ओटीची किट मिळते, त्याला क्लोरोस्कोप म्हणतात, ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक हेच वापरतात. नळीत खुणेपर्यंत पाणी, त्यात द्रावणाचे थेंब, पिवळा रंग आला की लगेच, दहा सेकंदांच्या आत पट्टीशी जुळवायचा. नळाच्या पाण्यात निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन हवा. ते द्रावण विषारी असतं, हाताला लावू नका, पोरांच्या हातात देऊ नका, तपासलेलं पाणी पिऊ नका. पिवळ्याऐवजी गुलाबी रंग येणारी डीपीडीची किट मिळाली तर ती जास्त चांगली.

पण नुसतं तपासून उपयोग नाही, कुठे तपासता ते महत्त्वाचं. एकाच दिवशी, पाणी आल्या आल्या, दोन जागी तपासा: पालिकेची लाइन खालच्या टाकीत पडते तिथे आणि तुमच्या स्वयंपाकघरात. खाली क्लोरीन आहे आणि वर नाही, म्हणजे दोष तुमच्या टाकीचा, ती धुवा. खालीच क्लोरीन नाही आणि शेजारच्या गल्लीत आहे, म्हणजे मधल्या लाइनमध्ये काहीतरी शिरतंय, आणि ही तक्रार आता नुसती 'पाणी घाण येतं' अशी राहत नाही. दोन्ही गल्ल्यांत क्लोरीन नाही, म्हणजे प्रश्न आणखी वरचा. आठवड्यातून दोनदा केलं तरी बास, पावसाळ्यात आणि लाइन दुरुस्तीनंतर रोज.

दुसरी तपासणी एचटूएसच्या बाटलीची, जिला गावाकडे काळ्या पाण्याची बाटली म्हणतात काही लोक. छोटी बाटली, खुणेपर्यंत पाणी भरायचं, उबदार जागी २४ ते ४८ तास ठेवायची, काळी पडली तर मैल्याचे जंतू असण्याची दाट शक्यता. नमुना घेताना नळाचं तोंड पुसून दोन मिनिटं पाणी वाहू द्या, बाटलीच्या आत बोट घालू नका. मात्र फुटलेल्या लाइनचा संशय असेल तर पाणी आल्यावरचा पहिला नमुनाही वेगळा घ्या, त्यावर तसं लिहा. काळी झालेली बाटली म्हणजे जंतूंचा साठाच, तिच्यात ब्लीचिंग पावडर घालून काही तास ठेवून मग संडासात ओता. बोअरच्या पाण्यात कधी कधी गंधकामुळेही काळी पडते, म्हणून हिच्यावर पेपरबाजी करू नका, हिच्यावरून फक्त लॅबला नमुना पाठवायचा की नाही हे ठरवा.

लॅबसाठी पुण्यात राज्य आरोग्य प्रयोगशाळा आहे, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा राज्यभर आहेत. बाटली लॅबकडूनच घ्या, आत थोडी पावडर दिसली तर ती धुऊन टाकू नका, क्लोरीन थांबवण्यासाठी ती मुद्दाम घातलेली असते. बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवा. रिपोर्टमध्ये आधी ई-कोलाय बघा, १०० मिलिलिटरमध्ये एकही नको. मग गढूळपणा, १ एनटीयूपर्यंत चांगला, ५ च्या वर नको. पीएच ६.५ ते ८.५, आणि बोअर असेल तर नायट्रेट ४५ च्या आत. नायट्रेट वाढलेलं असेल तर ड्रेनेज जमिनीत मुरतंय का ते शोधा.

तक्रार कशी लिहायची

आमच्या पहिल्या वर्षीच्या सगळ्या तक्रारी 'काम पूर्ण' असा शेरा मारून बंद झाल्या आणि काम काहीच झालेलं नव्हतं. खूप चीड आली होती. नंतर कळलं की आम्ही लिहीतच असं होतो की ती कुणालाही बंद करता येईल. 'ओढा साफ करा' ही तक्रार नाही. हे बघा कसं लिहायचं:

'अमुक पुलाच्या वरच्या बाजूला २० मीटरवर, उजव्या काठाला, पाइप क्रमांक ७ (आमची खूण). १२, १९ आणि २६ एप्रिलला सकाळी ७:३० वाजता पाऊस नसताना काळं पाणी येत होतं, फोटो सोबत. हा पाइप पावसाळी गटाराचा आहे. ड्रेनेजची जोडणी शोधून वेगळी करावी आणि केल्यावर आम्हाला जागेवर दाखवावं.'

एका तक्रारीत एकच गोष्ट. आणि योग्य विभागाला, कारण चुकीच्या खिडकीवर महिनाभर कागद पडून राहतो: मैलापाणी आणि चेंबर मलनिस्सारण विभागाकडे, गढूळ पाणी पाणीपुरवठ्याकडे, राडारोडा घनकचरा विभागाकडे, धरण आणि नदीचा विसर्ग राज्याच्या जलसंपदा विभागाकडे. पीएमसी केअरवर, म्हणजे पुणे पालिकेच्या ऑनलाइन तक्रार सेवेवर, टाका आणि टोकन नंबर वहीत लिहा, शिवाय कागदावर एक प्रत क्षेत्रीय कार्यालयात देऊन शिक्का घ्या. ज्युनिअर इंजिनिअरला ऑफिसमध्ये भेटण्यापेक्षा पाइपापाशी बोलवा. तिथे उभं राहिल्यावर माणूस वेगळं बोलतो, मी अनेकदा बघितलंय, त्यांच्याकडेही माणसं कमी आणि भाग मोठा असतो आणि आपला नकाशा त्यांच्या कामाला येतो.

नालेसफाई झाली म्हणतात तेव्हा तीच मोरी पुन्हा टेपने मोजा, मे मधला आकडा आणि जूनमधला आकडा शेजारी ठेवा. काढलेला गाळ काठावरच ढीग करून ठेवला असेल तर पहिल्या पावसात तो परत आत जातो, ढीग उचलेपर्यंत पाठ सोडू नका. काहीच हललं नाही तर माहिती अधिकार. २००५ चा कायदा, १० रुपये, ३० दिवसांत उत्तर, महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा असावा लागतो. मत विचारू नका, कागद मागा: या ओढ्याच्या नालेसफाईचा कामाचा आदेश, मोजमाप पुस्तकाची प्रत, आधीचे-नंतरचे फोटो. पाण्यासाठी आपल्या भागातल्या नमुन्यांचे गेल्या सहा महिन्यांचे रिपोर्ट मागा.

भांडवली काम हवं असेल, जाळी, छोटी मोरी, भिंतीतली वाट, तर सहभागी अंदाजपत्रकात सूचना द्या. पुण्यात नागरिकांकडून अशा सूचना घेतात, पावसाळ्यातच त्याची मुदत येऊन जाते, म्हणून फॉर्म आधीच भरून ठेवा.

पुराच्या रात्री

हे छोटंच लिहिते. लाल पट्टीला पाणी लागलं की स्पीकरवरून एकच वाक्य, आधीच ठरवलेलं. ग्रुपवर त्या रात्री फक्त वेळ, जागा, पातळी आणि फोटो, दुसऱ्या शहरातले व्हिडिओ कुणी टाकले तर ॲडमिनने लगेच काढायचे. नकाशावरच्या एकट्या आजी-आजोबांच्या घरी जाणारी दोन नावं आधी ठरलेली हवीत. मीटर बॉक्सपर्यंत पाणी यायच्या आत मेन स्विच बंद, ट्रान्सफॉर्मर किंवा तारेची भीती असेल तर १९१२. पंपाचा स्विच बंद करून त्यावर चिकटपट्टी लावा, 'टाकी बघितल्याशिवाय चालू करू नये'. ही चिकटपट्टी आमच्याकडे २०१९ ला असती तर!

बेसमेंटमध्ये गाडी काढायला कुणीही उतरायचं नाही. वाहतं पाणी गुडघ्याखाली असलं तरी माणसाला पाडतं, आणि फूटभर वाहत्या पाण्यात छोटी गाडी तरंगायला लागते. पाणी ओसरावं म्हणून मॅनहोल उघडणं तर अजिबात नको, २०१७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत अशाच उघड्या मॅनहोलमध्ये पडून एका नामवंत डॉक्टरांचा जीव गेला. जाळीवर अडकलेलं प्लास्टिक मात्र कडेला उभं राहून लांब काठीने ओढा, कधी कधी तेवढ्याने अर्ध्या तासात गल्ली रिकामी होते.

पाणी उतरल्यावर

झाडू मारायच्या आधी प्रत्येक भिंतीवर पाणी जिथवर चढलं तिथे खडूने रेघ आणि तारीख, आणि फोटो. पंचनाम्याला, विम्याला आणि पुढच्या वर्षीच्या लाल पट्टीला हीच रेघ लागते. वस्तीतल्या घरांचे पंचनामे होताना आपल्यातलं कुणीतरी सोबत थांबा, कागदपत्रं वाहून गेलेल्या माणसाला एकट्याने बोलणं जड जातं.

मग खालची टाकी. पुराचं पाणी झाकणापर्यंत आलं असेल तर आतलं पाणी स्वच्छ दिसलं तरी पूर्ण उपसून टाका, भिंती घासा, ब्लीचिंगच्या पाण्याने धुवा आणि तेही काढून टाका. टाकीत माणूस उतरवायचा तर आधी झाकणं उघडून हवा खेळू द्या, वर दुसरा माणूस उभा हवा, आत पेट्रोलचा पंप अजिबात नाही. नंतर नवीन पाणी भरल्यावर हजार लिटरला साधारण ५ ग्रॅम चांगली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि फक्त वरची निवळी टाकीत ओतायची. अर्ध्या तासाने क्लोरीन तपासा. पावडर जुनी, उघडी पडलेली असेल तर तिचा जोर गेलेला असतो, म्हणून तपासणी महत्त्वाची, ग्रॅमच्या हिशोबावर अवलंबून राहू नका. वरच्या टाकीचंही तसंच. तोवर सगळ्यांनी पाणी खळखळून उकळून प्यायचं, नाहीतर मेडिक्लोरचे (क्लोरीनच्या औषधाचे) थेंब बाटलीवर लिहिलंय त्या प्रमाणात.

पुराच्या पाण्यातून चाललेल्या प्रत्येकाची यादी करा, विशेषतः पायाला जखम असेल त्यांची. उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो. अशांनी ताप यायची वाट न बघता ७२ तासांच्या आत दवाखान्यात जाऊन यायचं, गोळी द्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. आणि पुढचे पंधरा दिवस जुलाब, ताप, कावीळ कुठल्या घरात किती, हे वहीत. एकाच लाइनवरच्या तीन घरांत जुलाब दिसले तर त्याच दिवशी पालिकेच्या दवाखान्यात आणि पाणीपुरवठ्याला दोन्हीकडे कळवा, लॅबच्या रिपोर्टसाठी थांबू नका.

वही कुणाकडे ठेवायची यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. शेवटी ती वस्तीतल्या एका ताईंकडे ठेवली, त्यांचं घर सगळ्यात खाली आहे आणि पाण्याचा आवाज बदलला की त्यांना आधी कळतं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पानांचे फोटो काढून ग्रुपवर टाकतो, कारण वहीसुद्धा भिजू शकते. ताईंनी ती माळ्यावर, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून ठेवली आहे, शेजारी बॅटरी आणि पट्टीला मारायच्या लाल रंगाचा डबा.